सुविधा जिल्हा क्रमांक चौदाची स्थापना

मताची किंमत मतदारांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असते. जिथे कोट्यवधी लोक मत देतात, तिथे एकेका मताला कोण विचारतो? बोटाला शाई लावून घ्यायची आणि घरी जाऊन वरण-भात खायचा. मतदार जसजसे कमी होतात, तसतसा एकेकाचा भाव वधारतो. हे तत्त्व सगळ्यांनाच कळतं, पण ते शेवटपर्यंत नेण्याची हिंमत फक्त आमच्या टेक्सासने दाखवली. शून्य मतदार असले तर निवडणूकच होत नाही. एकच असला तर मतदान गुप्त राहत नाही. म्हणून आमच्याकडे दोन ठेवतात.

मी ड्राय फोर्क काउंटीच्या निवडणूक कचेरीत एकोणीस वर्षं आहे. (त्याआधी सांगलीत होतो, पण तिथे मतदार फार.) या काळात माझ्या हातून नऊ सुविधा जिल्हे जन्माला आले. त्यांतल्या चौदा क्रमांकाच्या जिल्ह्याची ही हकिकत. नऊ झाले असताना क्रमांक चौदा कसा, असं कुणी विचारेल. मीही विचारलं होतं. वकिलांनी सांगितलं की मोठा आकडा असला की लोकांना धीर येतो.

सुविधा जिल्हा म्हणजे एक छोटं सरकारच. त्याला पाणी आणायचा, गटार न्यायचा आणि रस्ते करायचा अधिकार असतो. त्यासाठी रोखे काढून कर्ज उभारायचा, ते फेडायला घरांवर कर बसवायचा, आणि वाटेत कुणाची जमीन आली तर ती ताब्यात घ्यायचाही अधिकार असतो, मग ती जमीन हद्दीत असो वा नसो. एवढे अधिकार लोकांच्या संमतीशिवाय कुणाला मिळू नयेत, म्हणून कायद्याने निवडणूक सक्तीची केली आहे. कायदा चांगलाच आहे. अडचण एवढीच की जिल्हा स्थापन होतो तेव्हा तिथे लोक नसतात. गवत असतं, गाई असतात, एखादा साप असतो. लोक यायचे तर घरं हवीत, घरं व्हायची तर पाणी हवं, पाणी यायचं तर जिल्हा हवा आणि जिल्हा व्हायचा तर लोक हवेत. दुसरा एखादा प्रदेश या पेचात कायमचा अडकून पडला असता. आमच्या लोकांनी ट्रकला एक फिरतं घर जोडलं आणि दोन माणसं आणून ठेवली.

ही दोन माणसं म्हणजे टेरिल प्रूइट आणि त्याची बायको रोनेट. दोघंही चाळिशीतली, साधी, आणि या कामात मुरलेली. विकासकाच्या खर्चाने माळावर येऊन राहायचं, मतदारयादीत नाव घालायचं, दिवस भरले की 'होय'वर खूण करायची आणि पुढच्या माळावर जायचं. टेरिलने तोवर असे पाच जिल्हे स्थापन केले होते. (देशाच्या संस्थापकांना सगळ्यांना मिळून एकच जमला.) त्याच्या संमतीने एक अब्ज चाळीस कोटी डॉलरचे रोखे निघाले होते. त्याला स्वतःला मात्र जुन्या पिकअपसाठीसुद्धा कर्ज मिळत नव्हतं, कारण बँकेला कायमचा पत्ता लागतो.

आता चूक कशी झाली ते सांगतो, कारण ती आमच्याच लोकांच्या हातून होऊ शकते. फिरतं घर कुठे ठेवायचं, त्याची नकाशावर लाल खूण होती. ड्रायव्हरने नकाशा पाहिला, मग आभाळाकडे पाहिलं. ऑगस्ट होता. आमच्याकडे ऑगस्टमध्ये माणूस दुकानाच्या दारासमोर गाडी लावत नाही. झाड दिसेल तिथे लावतो, मग ते फर्लांगभर लांब का असेना, आणि उन्हात भाजत दुकानापर्यंत चालत जातो. गाडी थंड राहिली पाहिजे, माणसाचं काही का होईना. चारशे एकरांच्या त्या माळावर सावली एकाच ठिकाणी होती, कुंपणापलीकडच्या मिस अल्बिना कुबेनाच्या पेकानच्या राईत. (पेकान म्हणजे अक्रोडाचा लांबट चुलतभाऊ.) फाटक उघडं होतं. ड्रायव्हरने घर सावलीत उभं केलं, चाकांखाली दगड लावले आणि तो निघून गेला.

मिस अल्बिना तेव्हा एकोणऐंशी वर्षांची होती. तिचे आजोबा चेक मुलुखातून इथे आले, वडिलांनी ओढ्याकाठी ही राई लावली. तिच्या अकरा एकरांना वळसा घालून जिल्ह्याची हद्द मुद्दाम आखली होती. ओढ्याकाठच्या चार एकरांत, म्हणजे राईतच, पुढे सांडपाणी केंद्र व्हायचं होतं, कारण घाण पाणी उताराकडेच जातं आणि उतार तिच्याकडे होता. जिची जमीन घ्यायची, तिला म्हातारपणी मत देण्याची तसदी तरी देऊ नये, असा त्यामागे सौजन्याचा विचार होता.

सकाळी अंगणात घर उगवलेलं पाहून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कोण रे तुम्ही?"

"आम्ही मतदार आहोत, मॅम," टेरिल म्हणाला.

"मतदार? मला वाटलं सर्कस आली. आत पाणी आहे का?"

"नाही मॅम. पाणी यावं म्हणूनच तर मत द्यायला आलोय."

"आणि तोवर काय, जीभ बाहेर काढून बसणार? ए पोरी, ती हिरवी नळी दिसते ना विहिरीपाशी? ओढून घे इकडे. आणि जर्दाळूचे कोलाचे काढलेत भट्टीतून, गार व्हायच्या आत या दोघं."

कोलाचे म्हणजे मुरंबा भरलेले मऊ गोल पाव. अशा रीतीने सुविधा जिल्ह्याच्या संस्थापक रहिवाशांची पाण्याची सुविधा जिल्हा होण्याआधीच आणि करमाफ झाली. (याची नोंद कुठल्याही कागदावर नाही.)

रहिवासी खरोखर राहतात की नाही, हे तपासायला मला जावं लागायचं. एकदा गेलं तरी चालतं, मी अकरा वेळा गेलो. याचं कारण कर्तव्यनिष्ठा हे आहेच, शिवाय आमच्याकडचा 'बेचाळीस' नावाचा डॉमिनोचा डाव चौघांशिवाय होत नाही. तिसऱ्या खेपेला डाव पिसताना सहज फोनवर नकाशा उघडला, तर काय! मतदारसंघाचे एकूण एक मतदार मतदारसंघाबाहेर एकशे बारा फुटांवर बसून कोलाचे खात होते.

मी धावत जिल्ह्याच्या वकिलांकडे गेलो. ब्लँचर्ड साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"घर हलवलं तर राहण्याचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतील," ते म्हणाले. "त्यापेक्षा हद्द हलवू. ती कागदावरच आहे, हलवायला हलकी."

"पण साहेब, मग मिस अल्बिनाचं घर आत येतं. तीही मतदार होते."

"तिची मतं किती?"

"एक."

"आणि आपली?"

"दोन."

"मग झालं तर! अहो, लोकशाहीला कशाला घाबरायचं?"

हद्द हलली. मतदारांची संख्या एका दुपारात पन्नास टक्क्यांनी वाढली. इतक्या वेगाने वाढलेला मतदारसंघ राज्यात दुसरा नसावा.

ऑक्टोबरात पेकान पडायला लागले. ते वेचून, टरफलं फोडून मग डाव मांडायचा, असा आमचा क्रम ठरला. एक दिवस मिस अल्बिनाने हातातले डॉमिनो पालथे घातले.

"टेरिल, मत कुणाला देणार ते विचारत नाही. गुप्त असतं ते. पण ही त्रेसष्ट झाडं माझ्या बाबांनी ओढ्याचं पाणी डोक्यावर वाहून जगवलीत. तुला इथे दुपारची झोप लागते की नाही?"

"लागते, मॅम. अशी झोप मला कुठल्याच जिल्ह्यात लागली नाही."

"मग?"

टेरिलने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि परत घातली. "मॅम, मी मत देत नाही. मी नोकरी करतो."

"बघा," मिस अल्बिना माझ्याकडे वळून म्हणाली, "खोटं तरी बोलत नाही मेला." आणि तिने डाव पुढे चालू केला.

निवडणूक नोव्हेंबरात फिरत्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर झाली. मतदान शंभर टक्के. होय दोन, नाही एक. एकतीस कोटी डॉलरचे रोखे, अमर्याद कराचा अधिकार, जमीन संपादनाचा अधिकार आणि विकासकाने सुचवलेले पाच संचालक, सगळं सकाळी सात वाजून नऊ मिनिटांनी मंजूर झालं. (नियमाप्रमाणे मी संध्याकाळी सातपर्यंत पेटीपाशी बसून होतो. न जाणो, कुणी राहिलं असेल.) रोनेटने त्या दिवशी कोलाच्यांना हात लावला नाही. मिस अल्बिनाने जाताना दोघांना ते बांधून दिले आणि नळी गुंडाळून ठेवली.

पुढच्या दोन वर्षांत माळावर सहाशे बारा घरं झाली. वसाहतीचं नाव ठेवलं 'पेकानची सावली'. आमच्याकडे वसाहतीला नाव देताना, तिथे जे आहे पण आता राहणार नाही, त्याचं देण्याची पद्धत आहे. हरणांची टेकडी, लाव्यांचं रान, झऱ्याकाठ, अशी आमच्याकडे कितीतरी गावं आहेत आणि सगळी गुळगुळीत डांबरी आहेत. त्यामुळे मिस अल्बिनाला नुसतं नाव ऐकूनच पुढचं समजलं.

एक घर मीही घेतलं. स्वस्त होतं. खरेदीच्या कागदांत बाराव्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की हे घर सुविधा जिल्ह्यात आहे, जिल्हा वाटेल तेवढा कर लावू शकतो आणि खाली सही करणाऱ्याला हे समजलेलं आहे. ठळक अक्षरं दिसली की ती महत्त्वाची आहेत हे लगेच कळतं. आपण सही करतो आणि पान उलटतो.

सांडपाणी केंद्र अजून व्हायचं होतं. एव्हाना पाच संचालकांपैकी दोघांचं मत फिरलं होतं. थोडा खर्च करून पंप बसवला तर केंद्र विकासकाच्या मोकळ्या जागेत करता येईल, राई तोडायचं कारण नाही, असं ते म्हणू लागले. (दोघांच्याही घरी कोलाचे पोचले होते, पण पंपाचा हिशोबही बरोबर होता.) दोघे इकडे, दोघे तिकडे. पाचव्याची मुदत मे महिन्यात संपत होती. त्या एका जागेला विकासकाने आपला मेहुणा रँडल उभा केला. समोर मिस अल्बिना उभी राहिली, वय एक्याऐंशी. जो जिंकेल तो राईचा निकाल लावणार, इतकं ते सरळ होतं.

तिचा गाडी चालवायचा परवाना डोळ्यांपायी गेला होता. ती गवत कापायच्या यंत्रावर बसून प्रचाराला निघाली. मागे टोपली, टोपलीत कोलाचे, ताशी चार मैल. एकोणीस दिवसांत तिने सगळी वसाहत पालथी घातली. कचेरीच्या सवयीने मी आकडे ठेवले, ते असे : दारं ठोठावली सहाशे बारा, उघडली पाचशे चाळीस, कोलाचे वाटले एक हजार ऐंशी. 'केवढा हा अन्याय!' म्हणणारे पाचशे सव्वीस. 'येणार म्हणजे येणारच' म्हणणारे पाचशे चाळीस. 'नाही जमणार' म्हणणारा एकही नाही.

निवडणुकीची नोटीस नियमाप्रमाणे टपालपेट्यांपाशी लावली. सगळ्या वसाहतीच्या पेट्या एकाच भिंतीला आहेत, तिथे रोज प्रत्येकाला यावंच लागतं. आठ दिवसांनी कुणीतरी त्या नोटिशीवर हरवलेल्या मांजराचं चित्र चिकटवलं. वसाहत पेटून उठली. साठ-सत्तर लोक विजेऱ्या घेऊन गवतात शिरले आणि मांजर दुसऱ्या दिवशी सापडलं. चित्र मात्र काढायचं राहून गेलं, कारण ते कुणी काढायचं याबद्दल नियम नाही.

मतदान शनिवारी होतं. केंद्र क्लबहाऊसमध्ये, तरणतलावाच्या अगदी कडेला. ऊन मी म्हणत होतं आणि तलाव तुडुंब भरला होता. माझ्या टेबलापासून वीस पावलांवर दीडशे मतदार डुंबत होते. दुपारी एकजण टॉवेल गुंडाळून दारात आला.

"ओल्या अंगाने मत दिलेलं चालतं का हो?"

"चालतं की! या ना, आत या."

"नाही, सहज विचारलं," तो म्हणाला आणि परत पाण्यात गेला.

मिस अल्बिना बाहेर, नियमाप्रमाणे शंभर फूट लांब, आपल्या यंत्रावर छत्री उघडून बसली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला हात करत होती. लोकही प्रेमाने हात करत होते आणि तलावाकडे वळत होते. "आलोच हं मिस अल्बिना, पोरांना पाण्यातून काढतो नि आलोच!" असं एका बाईने तीनदा सांगितलं. बाई खोटारडी नव्हती. पोरं पाण्यातून निघाली नाहीत, एवढंच.

चारच्या सुमाराला एक जुनी पिकअप नव्वद मैलांवरून धूळ उडवत आली. टेरिल उतरला, मागोमाग रोनेट. दोघांनी इस्त्रीचे कपडे घातले होते.

"मत द्यायला आलोय," टेरिल म्हणाला.

मला कसंसंच झालं. "टेरिल, तुझं नाव आता इथे नाही रे. तू इथे राहत नाहीस."

"साहेब, मी तेव्हा तरी कुठे राहत होतो?"

"तेव्हा कागद होते."

"या खेपेला मला खरंच द्यायचंय हो," तो हळूच म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा."

मी कलम दाखवलं. त्याने ते वाचलं, अगदी शेवटपर्यंत वाचलं. (एकोणीस वर्षांत माझ्यासमोर कलम वाचणारा हा पहिलाच माणूस.) मग दोघं बाहेर जाऊन मिस अल्बिनाच्या छत्रीखाली उभी राहिली, केंद्र बंद होईपर्यंत.

संध्याकाळी सातला पेटी उघडली. नोंदलेले मतदार एक हजार एकशे चाळीस. झालेली मतं अकरा. रँडल सहा, मिस अल्बिना पाच.

इथे एक खुलासा करणं माझं कर्तव्य आहे. वसाहतीत माझंही घर आहे आणि मतदारयादीत चारशे अठरावं नाव माझं आहे. मी त्या दिवशी पेटीपासून दोन फुटांवर बारा तास बसलो होतो. हातात पेन होतं, कोऱ्या मतपत्रिकांचा गठ्ठा कोपरापाशी होता. मी मत दिलं नाही. अधिकाऱ्याने तटस्थ असावं, असं मला वाटलं. (तसं कायद्यात कुठेही नाही. नंतर पाहिलं.) दिलं असतं तर सहा-सहा झाली असती, चिठ्ठी काढावी लागली असती, कदाचित तिची निघालीही असती. पण चिठ्ठी काढायची म्हणजे आणखी तीन नमुने भरावे लागतात, आणि शनिवार होता.

डिसेंबरात राई पडली. झाडं त्रेसष्ट, दिवस तीन. नुकसानभरपाई रीतसर दिली, कमी दिली असं कुणी म्हणू शकणार नाही. वसाहतीच्या फोनवरच्या गटात त्या तीन दिवसांत दोनशे बारा लोकांनी संताप व्यक्त केला, त्यांतल्या एकोणनव्वदांनी रडके चेहरेही टाकले. 'आपण झोपलो होतो का?' असं एकाने विचारलं. त्याला एकशे सहा जणांनी अंगठा दाखवून पाठिंबा दिला. मी मोजून पाहिलं, ते दोनशे बाराजण मतदारयादीत होते आणि त्यांतल्या एकानेही मत दिलेलं नव्हतं.

मिस अल्बिना अजून त्याच घरात राहते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पूर्वी राई दिसायची, आता जाळीचं कुंपण आणि दोन गोल टाक्या दिसतात. मी भेटायला गेलो तेव्हा तिने नेहमीसारखा चहा दिला, बर्फ घालून. निघताना शेवटच्या बहराच्या पेकानांची पिशवी हातात दिली आणि म्हणाली, "एका मताने गेली बघ. पाचांतलं एक तर तुझं होतं ना रे?"

मी म्हटलं, "गुप्त असतं ते, मॅम."

ती हसली. पिशवी अजून माझ्या घरी आहे. फोडायला हात होत नाही.

आता संध्याकाळी वारा पडला की वसाहतभर वास येतो. लोक तक्रार करतात, आणि तक्रारीची सोय अर्थातच आहे. संचालकांची सभा दर तिसऱ्या मंगळवारी सकाळी साडेअकराला अडतीस मैलांवर वकिलांच्या कचेरीत चौदाव्या मजल्यावर भरते. नागरिकांसाठी तिथे दोन खुर्च्या राखून ठेवल्या आहेत. त्यांच्यावर अजून कारखान्याचं प्लास्टिक आहे.

तुम्हाला राग आला असेल. म्हातारीची कीव आली असेल. मी तिथे असतो तर तलावातून तसाच निथळत बाहेर आलो असतो, असंही मनात आलं असेल, आणि ते खरंच असणार, तुम्ही काही आमच्यासारखे नाही. फक्त एवढं सांगा. तुमच्या इमारतीत लिफ्टच्या शेजारी काचेच्या पेटीत एक कागद लावलेला आहे. खाली सचिवांची सही आहे, वर तारीख आणि वेळ आहे. दिवसातून चारदा तुम्ही लिफ्टची वाट पाहत त्याच्यासमोर उभे राहता.

काय लिहिलंय हो त्यात?